लहान घरातली हलवाहलव कमी कशी करायची

लहान घरात जागा पुरत नाही, ही तक्रार खरीच. पण रोजचा वैताग बहुतेक वेळा चौरस फुटांचा नसतो. इस्त्री काढायची तर आधी बॅग उचला, बॅग ठेवायला खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाका, आणि झोपायच्या वेळी तेच कपडे पुन्हा खुर्चीवर. घर दोनशे चौरस फुटांचं असो की पाचशे, एक काम करायला किती वस्तू हलवाव्या लागतात हे मोजलं की दुखणं नेमकं कुठे आहे ते कळतं. रोजच्या कामाला शून्य, आठवड्यातून एकदा करायच्या कामाला फार तर एक, आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी तीन-चार वेळा हलवाहलव झाली तरी बिघडत नाही. खाली दिलेली मापं आणि युक्त्या याच हिशेबावर बेतलेल्या आहेत.

पहिला आठवडा काहीच बदलू नका. भिंतीला एक कागद चिकटवा. एखादी वस्तू काढण्यासाठी दुसरी हलवावी लागली की लिहा: काय काढलं, काय हलवलं. आठवडाभरात तीन-चार ठिकाणं पुन्हा पुन्हा दिसतील. सहसा ती असतात दारामागची जागा, ओट्याचा कोपरा, पलंगाखालचा पुढचा भाग आणि कपाटातला सगळ्यात खोल खण. सुरुवात तिथूनच करा. तोवर नवे डबे, खोकी, टोपल्या काहीही आणू नका. आवरण्याआधी खोकी घरात आली की नको असलेल्या वस्तूंचीच त्यात आयती सोय होते, आणि शिवाय खोक्यांनी जागा अडते ती वेगळीच.

मापं आधी, फर्निचर नंतर

घराचा नकाशा १:२० प्रमाणात काढा, म्हणजे कागदावरचे ५ सेंटिमीटर म्हणजे घरातला १ मीटर. चौकटींचा कागद असेल तर काम सोपं होतं. भिंती सगळेच मोजतात. राहून जातं ते खिडकीच्या तळाची उंची, स्विच आणि प्लगच्या जागा, भिंतीतून पुढे आलेले खांब, आणि दार किती फिरतं ते. ७५ सेंटिमीटरचं दार आत उघडताना जवळजवळ ०.४४ चौरस मीटर जमीन अडवतं. त्या पाव वर्तुळात काहीच ठेवता येत नाही. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करता आलं तर एका कपाटाची जागा मोकळी होते.

फर्निचरचे त्याच प्रमाणात कागदी तुकडे कापून नकाशावर सरकवून पाहा. हे आकडे हाताशी ठेवा:

- एका माणसाला सरळ चालायला ६० सेंटिमीटर, रोजच्या मुख्य वाटेला ७५ ते ९०.
- टेबलापासून खुर्ची मागे ओढून उठायला ७५. मागून कोणी जाणार असेल तर १०० च्या पुढे.
- ड्रॉवरच्या पुढे ड्रॉवरची लांबी अधिक उभं राहायला ४५ ते ५०.
- पलंगाच्या निदान एका बाजूला ५० ते ६०.

पलंग तीन बाजूंनी भिंतीला टेकवला की चादर बदलणं शिक्षा होऊन बसतं. तसं करावंच लागलं तर पलंगाला चाकं लावा, त्यातल्या दोनांना ब्रेक हवेच.

नकाशावर पटलेली मांडणी लगेच विकत घेऊ नका. जमिनीवर चिकटपट्टीने फर्निचरची रूपरेषा आखा आणि तीन दिवस ती जागा भरलेली आहे असं धरून वावरा. पहाटे अर्धवट झोपेत तुम्ही त्या रेषेवरून चालत गेलात तर ते फर्निचर तिथे नको, हे समजा.

खोली किती? म्हणजे फळीची

साठवणीत सगळ्यात जास्त घोळ फळीच्या खोलीचा होतो. जास्त खोल म्हणजे जास्त जागा असं वाटतं. प्रत्यक्षात मागची रांग पुढच्या रांगेमागे दडते, विसरली जाते आणि तीच वस्तू दुसऱ्यांदा विकत आणली जाते. हँगरला टांगलेल्या कपड्यांना ५५ ते ६० सेंटिमीटर लागतात, पण घडी घातलेल्या कपड्यांना ३५ ते ४० पुरेत. ताटल्यांना ३०, बहुतेक पुस्तकांना २० ते २५, आणि १० सेंटिमीटर व्यासाच्या बरण्यांना फक्त १२. बरण्यांची एकच रांग मावेल अशी १२ सेंटिमीटरची उथळ फळी दारामागेसुद्धा बसते, आणि सगळ्या बरण्या एका नजरेत दिसतात. ६० सेंटिमीटर खोल कपाट आधीच असेल तर त्यात बाहेर ओढता येणारे ट्रे ठेवा. ट्रेची लांबी कपाटाच्या खोलीएवढीच असू द्या, नाहीतर त्यामागे पुन्हा अडगळ साचते.

उंचीचंही तसंच. गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचा पट्टा, साधारण ६० ते १५० सेंटिमीटर, हा घरातला सगळ्यात मोलाचा भाग. तिथे फक्त रोजचं. वरचा माळा हलक्या आणि क्वचित लागणाऱ्या वस्तूंसाठी. जड वस्तू खाली. जड खोकं डोक्यावरून उतरवताना पाठ तरी जाते नाहीतर खोकं. माळ्यावरच्या खोक्यांवर नावं लिहा, पण झाकणावर नव्हे. खालून दिसते ती पुढची बाजू, तिथे.

प्रत्येक खणाचा साधारण पाचवा हिस्सा रिकामा ठेवा. वस्तू गच्च भरलेल्या खणातून खेचून काढता येते, पण तिला परत ठेवायला मोकळी जागा लागते. पसारा होतो तो परत ठेवताना.

भिंतीवर फळी लावताना

जमीन संपली की भिंत उरते, म्हणून फळ्या लावणं आलंच. त्या पडतात किंवा वाकतात त्याची कारणं ठरलेली आहेत.

वाकण्याचं आधी. पुस्तकांनी गच्च भरलेली एक मीटर फळी २५-३० किलो वजन सहज पेलत असते, मोठ्या आकाराची पुस्तकं असतील तर आणखी. फळीची लांबी दुप्पट केली आणि पुस्तकं त्याच दाटीने भरली तर बाक सोळापट वाढतो. उलट जाडी दुप्पट केली तर तो एक-अष्टमांशावर येतो. म्हणून १८ मिलिमीटरच्या प्लायवुडला दोन आधारांमध्ये ८० सेंटिमीटरहून जास्त अंतर देऊ नका. पार्टिकल बोर्ड असेल तर ६०. लांब फळीच हवी असेल तर पुढच्या कडेखाली ४० ते ५० मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवून स्क्रूने पक्की करा. तेवढ्याने फळी बरीच ताठ होते.

आता पडण्याचं. विटांच्या भिंतीवर गिलाव्याचा १५ ते २० मिलिमीटरचा थर असतो. प्लास्टिकचा रॉलप्लग (स्क्रू घट्ट धरण्यासाठी भोकात ठोकायची नळी) त्या थरातच अडकून राहिला तर तो वजन धरत नाही, काही महिन्यांनी गिलाव्याच्या पोपड्यासकट बाहेर येतो. ८ मिलिमीटरच्या बिटने ६५ ते ७० मिलिमीटर खोल भोक पाडा. बिटवर त्या खुणेला चिकटपट्टी गुंडाळून ठेवली की अंदाज चुकत नाही. भोकातली भुकटी फुंकून किंवा पंप मारून काढा. भुकटी राहिली की प्लग पूर्ण आत जात नाही. ४० मिलिमीटरचा प्लग गिलावा ओलांडून विटेत बसेपर्यंत ठोका. स्क्रूची लांबी म्हणजे ब्रॅकेटची जाडी, गिलावा आणि प्लग यांची बेरीज, म्हणजे इथे ६५ च्या आसपास. भिंत पोकळ विटांची असेल तर ड्रिलचा ठोके मारणारा मोड बंद ठेवा आणि पोकळीत उघडणारे खास प्लग वापरा. जिप्सम बोर्डाच्या पातळ भिंतीवर जड फळी आतल्या उभ्या पट्टीशिवाय लावूच नका.

स्विच आणि प्लगच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी बहुधा तिथूनच जातात. नळाच्या वरच्या भिंतीलाही हाच नियम.

ब्रॅकेट निवडताना त्याची उभी भुजा बघा. फळी ६० सेंटिमीटर पुढे आलेली आणि ब्रॅकेट भिंतीवर १५ सेंटिमीटर उंच असेल, तर फळीच्या कडेला टेकवलेल्या वजनाच्या चौपट ओढ वरच्या स्क्रूवर येते. उभी भुजा ३० केली की ती दुपटीवर उतरते. भिंतीवर घडी होणारं टेबल लावताना हे विसरलं जातं, कारण टेबलावर ताटल्यांचं वजन किरकोळच असतं. पण उठताना माणूस कडेवर हात टेकून सगळा भार देतो, आणि वरचे दोन स्क्रू निघतात ते तेव्हाच.

घडीच्या टेबलाची मापं: उंची ७५, पुढे आलेला भाग ४५ ते ६०, रुंदी एका माणसाला ६० ते ७५. बैठक ४५ उंचीची. आधाराचं ब्रॅकेट टेबलाच्या दोन-तृतीयांश भागापर्यंत तरी पोचायला हवं.

घडीचं फर्निचर: कुठपर्यंत?

दुकानात सगळंच छान घडी होतं. घरी एक कसोटी लावा: अर्ध्या मिनिटात आणि वस्तू न हलवता घडी होते का? होत नसेल तर पंधरवड्याने ते कायमचं उघडं राहील, किंवा कायमचं बंद. सोफा-कम-बेडचं बहुतेक वेळा असंच होतं. सोफा उघडतो, पण उशा आणि पांघरुणं कुठे ठेवायची हे कुणी विचारात घेतलेलं नसतं. अंथरूण हाताच्या अंतरावर ठेवायला ठरलेला खण असेल तरच तो घ्या. समोरचा टीपॉय रोज सरकवावा लागणार असेल तर तोही चाकांवर हवा.

पेटीच्या पलंगात साठवण भरपूर, पण वस्तू काढायला गादी उचलावी लागते. म्हणून त्यात ऋतूतून एकदा लागणाऱ्याच वस्तू ठेवा. गॅसच्या दांड्यांवर वर उचलला जाणारा पलंग सोयीचा. फक्त या दांड्यांचा जोर काही वर्षांनी कमी होतो आणि झाकण आपोआप खाली येऊ लागतं. तसं दिसलं की जोडी एकदमच बदला, आणि तोवर आत डोकं घालू नका. पेटीच्या तळाला आणि बाजूंना हवेची भोकं असतील तर आत कुबट वास धरत नाही. भोकं नसतील तर सुताराकडून चार-सहा पाडून घ्या. फोमच्या गादीखाली पट्ट्या असतील तर त्यांतलं अंतर ७ सेंटिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर गादी फटीत दबून लवकर बसते.

पलंगाखाली २५ ते ३० सेंटिमीटर मोकळी उंची असेल तर चाकांचे उथळ खण उत्तम. चाकांची उंची धरून मोजा. तीन-चार सेंटिमीटर तिथेच जातात आणि मग खण आत जात नाही.

ओल: लहान घराचा खरा शत्रू

मोठ्या घरात चार दिवस खिडकी उघडली नाही तरी चालून जातं. लहान घरात हवाच कमी, त्यामुळे बाष्प लगेच साठतं. दोन माणसं रात्रभर एका खोलीत झोपली की श्वास आणि घामातून अर्धा लीटर किंवा त्याहून जास्त पाणी हवेत येतं. मशिनमधून पिळून काढलेले चार-पाच किलो कपडे खोलीत वाळवले तर आणखी दोन लीटर. हे पाणी गार भिंतीवर, काचेवर आणि कपाटामागे जाऊन बसतं, आणि बुरशी तिथूनच सुरू होते. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र ठेवा. आकडा ४० ते ६० टक्क्यांत हवा. सतत ७० च्या वर राहिला तर काळे ठिपके कधी दिसतात तेवढीच वाट पाहायची उरते.

बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, मागे ५ सेंटिमीटर जागा सोडा. कपाटाची पाठ भिंतीला टेकली की तिथे वारा पोचत नाही आणि भिंत खोलीहून गार राहते. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार सकाळी ५ ते १० मिनिटं पूर्ण उघडा. एकच खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा याने हवा खूप लवकर बदलते. बाहेर पाऊस लागलेला असेल आणि आत-बाहेर तापमान सारखंच असेल तर मात्र नुसती खिडकी उघडून ओल हटत नाही. अशा दिवसांत कपडे एकाच ठिकाणी, पंख्याच्या झोतात आणि एक्झॉस्ट फॅनजवळ वाळवा, त्या खोलीचं दार लावून. दोन कपड्यांत चार बोटं अंतर हवं. दाटीने घातलेले कपडे वाळेपर्यंत आंबूस होतात.

एक्झॉस्ट फॅन फिरतो पण वाफ जात नाही, ही नेहमीची तक्रार. कारण बहुधा हे: फॅनच्या शेजारचीच खिडकी उघडी असते. फॅन तिथूनच हवा ओढतो आणि तीच बाहेर फेकतो, खोलीतली हवा जागच्या जागी. फॅन चालू असताना जवळची खिडकी बंद करा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून हवा येऊ द्या. दार बंद असेल तर त्याखाली दीड-दोन सेंटिमीटर फट लागते. आंघोळ किंवा स्वयंपाक संपल्यावरही १५ मिनिटं फॅन चालू ठेवा.

बंद खोलीत ऊब मिळावी म्हणून कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि लहान खोलीत तो फार लवकर साठतो. डांबराच्या गोळ्यांची वाफही झोपायच्या खोलीत बरी नाही. त्या वापरायच्याच तर घट्ट झाकणाच्या पेटीत.

ओटा

१९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. कामाला लागणारा वेळ आणि हालचाल मोजून त्यांनी मांडणी ठरवली, आणि इस्त्रीची फळीसुद्धा भिंतीला घडी होणारी केली. आजच्या आखीव स्वयंपाकघरांची सुरुवात तिथे झाली असं मानलं जातं. त्यावर पुढे टीकाही झाली, की तिथे एकाच माणसापुरती जागा आहे. दोघं मिळून स्वयंपाक करत असाल तर हे लक्षात घ्या: दोन ओट्यांमध्ये एकट्याला ९० सेंटिमीटर पुरतात, दोघांना ११० ते १२० हवेत.

ओट्यावर कापण्या-मळण्यासाठी ६० सेंटिमीटर सलग मोकळी जागा कायम राखा. सिंक आणि शेगडी यांच्या मधला तुकडा त्याला सगळ्यात चांगला. तिथे आज उभी असलेली उपकरणं बघा आणि रोज न लागणारी खाली न्या. ओट्याची उंची कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली असावी. ओटा उंच असेल तर पायाखाली पक्की फळी, बुटका असेल तर वर जाड पाट, एवढ्याने खांदे आणि कंबर सुटतात. दिवा वरच्या फळीखाली, पुढच्या कडेला लावा. छताच्या मध्यावरच्या दिव्याने आपलीच सावली हातावर पडते.

बाकी उजेडाचं थोडक्यात: एका मोठ्या दिव्यापेक्षा कामाच्या जागी दोन-तीन लहान दिवे बरे. ८०० ल्युमेनचा एलईडी, म्हणजे ८ ते १० वॅट, जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो. उजेडाची छटा केल्विनमध्ये लिहिलेली असते, आकडा कमी तितका उजेड पिवळसर: निवांत बसायला २७०० ते ३०००, कामाला ४०००. पडद्याची दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना १५-२० सेंटिमीटर जास्त ठेवा, म्हणजे पडदा सरकवल्यावर काच पूर्ण उघडी राहते.

एक्स्टेंशन बोर्डावर गरम करणारी दोन उपकरणं एकदम लावू नका. गुंडाळलेल्या वायरीवर तर एकही नको, वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं.

घरातली माणसं

एका खोलीत चौघं राहत असतील तर प्रत्येकाला एक बंद होणारा खण द्या, कितीही लहान असो. तो दुसऱ्याने आवरायचा नाही. फोनवर बोलणं, अभ्यास आणि झोप या तीन गोष्टींच्या वेळा आपसांत ठरवाव्या लागतात. पडदा नजर अडवतो, आवाज नाही. जाड पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो एवढंच. शेजारच्या खोलीतला आवाज मुख्यतः दाराच्या फटींतून येतो, चौकटीला रबराची पट्टी लावली की फरक जाणवतो. मात्र त्याच खोलीत एक्झॉस्ट फॅन असेल तर खालची फट बुजवू नका.

नको असलेल्या वस्तूंचा निकाल लावताना आठवणींच्या वस्तूंपासून सुरुवात करू नका, तिथे दुपार जाते आणि काहीच हलत नाही. जोड्यांपासून करा: दोन कात्र्या, तीन गाळण्या, चार्जरांचा गुंता. मग पांघरुणं आणि चादरी. एका पलंगाला दोन संच पुरेत, पावसाळी दिवसांसाठी एक जास्तीचा. मन घट्ट होत नसेल त्या वस्तू एका खोक्यात घाला, चिकटपट्टीने बंद करा, वर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. त्या तारखेपर्यंत खोकं फोडावं लागलं नाही तर न उघडताच देऊन टाका. फक्त कागदपत्रं आणि चाव्या अशा खोक्यात नकोत.

उंच कपाट किंवा मांडणी वरच्या कडेला एल-ब्रॅकेटने भिंतीला बांधा. लहान मूल ड्रॉवरवर चढलं की जड कपाटही पुढे कलंडतं, आणि अरुंद खोलीत बाजूला सरकायला जागा नसते. नवं फर्निचर ठरवलंत की त्याची लांबी-रुंदी तर मोजाच, पण जिन्याचं वळण, लिफ्टचं दार आणि कपाटाचा कर्णही मोजा. २१० सेंटिमीटर उंच आणि ६० खोल कपाट आडवं आणून घरात उभं करताना त्याचा कर्ण २१८ होतो. छत २१५ वर असेल तर ते उभं राहणारच नाही. असं कपाट सुट्या भागांत आणून जागेवर जोडून घ्या.